निदान एक वाक्य

मराठी वृत्तपत्रांतल्या निधनवार्ता नियमाने वाचणाऱ्याला त्यांतली ठरावीक वाक्यरचना पाठ झालेली असते. 'हृदयविकाराच्या तीव्र झटक्याने', 'हृदयक्रिया बंद पडल्याने', 'अल्पशा आजाराने', 'प्रदीर्घ आजाराने', 'वृद्धापकाळाने' अशा चार-पाच शब्दसमूहांत मराठी माणसाचे मरण आटोपते. बोलीत ते आणखी आखूड होते : 'हार्टफेल झाले', 'ॲटॅक आला'. या शब्दसमूहांकडून माहितीची अपेक्षा कोणी करत नाही. शोकाच्या प्रसंगी कोणी खोदून विचारू नये, म्हणून ओढलेला तो पडदा असतो आणि त्याबद्दल तक्रार करण्याचे कारण नाही. शिष्टाचाराची भाषा सर्वत्र अशीच असते. तक्रार सुरू होते ती हाच पडदा डॉक्टरच्या सहीनिशी सरकारी नोंदवहीत 'मृत्यूचे कारण' म्हणून टांगला जातो तेव्हा.

रोगांच्या सांकेतिक क्रमांकांचा विषय साहित्याच्या अभ्यासकाला काहीसा आगंतुक वाटेल. 'जिवंत माणसाचा आकडा करणारी व्यवस्था' असे एक वाक्य उच्चारून आपण त्याची बोळवणही करू शकतो. तसे करणे आपल्याकडे सुसंस्कृतपणाचे लक्षण मानले जाते. मला मात्र या लेखात नेमके उलट म्हणायचे आहे. हृदयविकार आणि त्यातून उद्भवणारी गुंतागुंत यांच्या बाबतीत आकड्याने माणसाचा जितका घात केला आहे, त्याहून अधिक घात आकड्याच्या आधी लिहिल्या जाणाऱ्या आळशी वाक्याने केला आहे. वाक्य हा आपला प्रांत आहे. तेव्हा या प्रश्नात आपल्याला बोलण्याचा अधिकार आहे आणि काही प्रमाणात जबाबदारीही.

आधी थोडा इतिहास. मृत्यूंची कारणवार मोजदाद करण्याची कल्पना जुनी आहे. लंडनच्या साप्ताहिक मृत्युपत्रकांवरून जॉन ग्राँट याने १६६२ मध्ये आपला ग्रंथ लिहिला, तेव्हा त्या पत्रकांत 'शोक', 'दात', 'अचानक' ही मृत्यूची कारणे म्हणून नोंदलेली होती. पुढे एकोणिसाव्या शतकात विल्यम फार या इंग्रज संख्याशास्त्रज्ञाने रोगांच्या नावांत शिस्त असावी असा आग्रह धरला. १८९३ मध्ये फ्रान्सच्या जाक बर्तियोंने मृत्यूच्या कारणांची आंतरराष्ट्रीय यादी मांडली. १९४८ मध्ये सहाव्या आवृत्तीपासून ती जागतिक आरोग्य संघटनेकडे आली. १९९० मध्ये दहावी आवृत्ती स्वीकारली गेली, २०१९ मध्ये अकरावी. ही अकरावी आवृत्ती १ जानेवारी २०२२ पासून अमलात आली. भारतातले मृत्यूंचे वर्गीकरण वर्षानुवर्षे दहाव्या आवृत्तीच्या आधारे होत आले आहे, म्हणून येथील उदाहरणे त्याच आवृत्तीतली घेतली आहेत.

त्या आवृत्तीत रक्ताभिसरण संस्थेच्या रोगांना रोमन 'आय' हे अक्षर दिले आहे. संधिवातज्वरामुळे झडपा बिघडल्या असतील तर आय ०५ ते आय ०९, हृदयाच्या स्नायूचा रक्तपुरवठा तुटून तो नुकताच मृत झाला असेल तर आय २१, हृदय थांबले तर आय ४६, हृदय निकामी झाले तर आय ५०. 'हार्टफेल' या एका मराठी शब्दात आपण जे कोंबतो, ते येथे स्वतंत्र घरांत राहते, आणि त्याला कारण आहे. रोहिणी अडून स्नायू मरणे ही काही तासांत घडणारी घटना आहे. हृदय निकामी होणे म्हणजे त्याचा जोर कमी होणे. त्या स्थितीत माणूस औषधपाण्यावर वर्षानुवर्षे जगतो. आणि हृदय थांबणे हा तर रोगच नव्हे. ते प्रत्येकाचेच थांबते. 'हृदयक्रिया बंद पडल्याने मृत्यू' हे वाक्य 'ज्योत मावळल्याने दिवा विझला' या जातीचे आहे. ते खोटे नाही, पण त्यातून काहीच कळत नाही.

ही गोष्ट शासनाला ठाऊक आहे. रुग्णालयात झालेल्या मृत्यूसाठी डॉक्टरने भरायचा 'नमुना ४' आणि घरी झालेल्या मृत्यूसाठीचा 'नमुना ४ अ' यांत मरणाचा प्रकार लिहू नये, ज्या रोगाने, इजेने किंवा गुंतागुंतीने मरण आले ते लिहावे, अशी सूचनाच छापलेली असते. आणि लिहू नये अशा गोष्टींचे पहिले उदाहरण म्हणून 'हृदय निकामी होणे' हेच दिलेले असते. सूचनेखालच्या रकान्यात तरीही 'कार्डिओ-रेस्पिरेटरी अरेस्ट' असे लिहिलेले आढळते. कधी तेवढेच, कधी नुसती आद्याक्षरे.

या नमुन्याची रचना कथेच्या अभ्यासकाने जरूर पाहावी. पहिल्या भागात एकाखाली एक तीन ओळी असतात. 'अ' मध्ये मृत्यूचे तात्कालिक कारण. 'ब' मध्ये ते ज्यामुळे उद्भवले ते. 'क' मध्ये त्याच्याही मुळाशी असलेले. प्रत्येक ओळीपुढे 'सुरुवातीपासून मृत्यूपर्यंतचा काळ' लिहायचा : मिनिटे, दिवस, वर्षे. दुसऱ्या भागात मृत्यूला हातभार लावणारे, पण या साखळीत न बसणारे इतर विकार. म्हणजे नमुना डॉक्टरकडे एक गोष्ट मागतो, शेवटाकडून आरंभाकडे जाणारी, 'त्याआधी काय, त्याहीआधी काय' असे विचारत तळाशी पोहोचणारी. त्या तळाच्या ओळीतून 'मूळ कारण' निवडले जाते आणि त्यालाच संकेतांक मिळतो. हे संकलन महाराष्ट्रात पुण्याच्या राज्य आरोग्य माहिती व जीवनविषयक आकडेवारी कार्यालयाकडे होते. तेथे बसून संकेतांक देणाऱ्याने रुग्ण पाहिलेला नसतो, रुग्णाचे नातेवाईक पाहिलेले नसतात. त्याच्यापुढे असतात फक्त या तीन ओळी. तो शब्दशः वाचक आहे, आणि संहितेत जे नाही ते वाचण्याची त्याला मुभा नाही. 'हृदय थांबले' एवढेच लिहून आले, तर तो बिचारा आय ४६ लिहून पुढच्या कागदाकडे वळतो.

क्रिस्टोफर मरी आणि ॲलन लोपेझ यांनी १९९६ मध्ये जागतिक रोगभाराचा अभ्यास प्रसिद्ध केला, तेव्हा अशा निरुपयोगी संकेतांकांना त्यांनी सरळ 'कचरा-संकेत' म्हटले. शब्द कठोर आहे, पण चपखल. हृदय थांबणे आणि हृदय निकामी होणे हे दोन्ही त्या कचऱ्यात मोडतात. आता याच्या शेजारी एक आकडा ठेवू. महानिबंधक कार्यालयाच्या २०२० च्या अहवालानुसार देशात नोंदलेल्या मृत्यूंपैकी सुमारे साडेबावीस टक्के मृत्यूंचेच कारण वैद्यकीयदृष्ट्या प्रमाणित झाले होते. आणि त्या प्रमाणित मृत्यूंत रक्ताभिसरण संस्थेचे रोग सुमारे ३२ टक्के, म्हणजे सर्वांत मोठा गट होते. चारांतल्या तीनहून अधिक मृत्यूंची गोष्ट कोणी लिहिलीच नाही, आणि ज्यांची लिहिली गेली त्यांतल्या जवळजवळ एक तृतीयांश गोष्टी ज्या प्रकरणात जाऊन पडतात, तेच प्रकरण गुळमुळीत वाक्यांना सर्वांत जास्त सोयीचे आहे.

याने बिघडते काय? तीन माणसे कल्पू. सातपूरच्या कारखान्यातला पंचेचाळिशीचा कामगार : दहा वर्षांचा मधुमेह, कधी औषध, कधी नाही, एका पहाटे घाम फुटला, छातीत दुखले नाही म्हणून दुपारपर्यंत घरीच राहिला. नाशिकरोडच्या ऐंशी वर्षांच्या आजी : वीस वर्षांचा रक्तदाब, हळूहळू दमत गेलेले हृदय. आणि सुरगाण्याच्या एखाद्या पाड्यावरची अठ्ठावीस वर्षांची बाई : लहानपणी घसा दुखून ताप आला, सांधे सुजले, आपोआप बरे झाले, पुढे बाळंतपणात धाप लागली आणि तेव्हा कोणाला तरी कळले की हृदयाची झडप आक्रसली आहे. तिघेही नाशिकच्या रुग्णालयांत गेले. तिघांच्याही दाखल्यावर 'हृदयक्रिया बंद पडली' लिहिले, तर तिघे एकाच घरात जमा होतात. ओळी नीट लिहिल्या, तर कामगाराची साखळी त्याच्या मधुमेहापर्यंत जाते, आजींची रक्तदाबापर्यंत, आणि त्या बाईची संधिवातज्वराने आक्रसलेल्या झडपेपर्यंत, म्हणजे आय ०५ पर्यंत.

हा शेवटचा आकडा साधा नाही. संधिवातज्वर हा दाटीवाटीच्या घरांचा आणि उपचार न झालेल्या घसादुखीचा रोग आहे. वेळीच ओळखला तर तीन-चार आठवड्यांनी दिल्या जाणाऱ्या पेनिसिलिनच्या इंजेक्शनाने झडप वाचवता येते. इंजेक्शन जुने आहे, स्वस्त आहे. म्हणजे आय ०५ हे तीन अक्षरांचे चिन्ह सांगते की ही बाई वीस वर्षांपूर्वी, एका घसादुखीच्या वेळी, वाचवता आली असती. 'हृदयक्रिया बंद पडली' हे वाक्य सांगते की दैवापुढे इलाज नव्हता. या दोहोंतले माणुसकीचे विधान कोणते, याचा विचार आकड्यांना नाके मुरडणाऱ्यांनी करावा. जिल्ह्यात असे मृत्यू किती, हे कळल्याशिवाय कोणत्या तालुक्यात इंजेक्शने पोहोचवायची हे ठरत नाही. आणि ते कळण्याचा एक मार्ग त्या तळाच्या ओळीतून जातो.

गुंतागुंतीच्या बाबतीत तर ही भाषा आणखी बारकाईने बोलते. हृदयविकाराच्या झटक्यानंतर लगेच उद्भवणाऱ्या काही उपद्रवांसाठी आय २३ हा स्वतंत्र गट आहे : हृदयाभोवतीच्या आवरणात रक्त साचणे, दोन कप्प्यांमधला पडदा फुटणे, हृदयाची भिंत फाटणे, झडपेला धरून ठेवणारे तंतू तुटणे. मराठीत 'काळीज फाटणे' हा वाक्प्रचार आहे आणि आपण तो दुःखासाठी वापरतो. वर्गीकरणात तो शरीराचा प्रत्यक्ष वृत्तान्त आहे आणि त्याला क्रमांक आहे. झटक्याला काळाची मर्यादाही आहे : चार आठवड्यांपर्यंत तो 'तीव्र', त्यानंतर 'जुना'. ही रेघ कृत्रिम आहे हे खरे, पण ती कोठे ओढली हे उघड सांगितलेले आहे. 'अल्पशा' आणि 'प्रदीर्घ' यांच्यामधली रेघ कोठे आहे, हे आपल्या निधनवार्ता कधी सांगत नाहीत.

'उपद्रव' हा शब्द मी मुद्दाम वापरला. आज त्याचा अर्थ 'त्रास' एवढाच उरला असला, तरी आयुर्वेदात तो पारिभाषिक आहे. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात विसर्पाच्या अध्यायात त्याची व्याख्या येते : मूळ रोगानंतर, त्याच रोगाच्या आश्रयाने उत्पन्न होणारा रोग, मग तो लहान असो वा मोठा. आधी काय, मागून काय आणि मागचे कशाच्या आधाराने, हा विवेक नमुना ४ च्या तीन ओळींत आहे तसाच या व्याख्येतही आहे. तेव्हा ही शिस्त परकी आहे, आपल्या भाषेला पेलणारी नाही, असे म्हणता येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२४ मध्ये दिल्लीत अकराव्या आवृत्तीचा आयुर्वेद, सिद्ध आणि युनानी संज्ञांचा विभाग जाहीर केला, त्याचे आपल्याकडे अभिमानाने स्वागत झाले. संज्ञांना जागतिक क्रमांक मिळाले हे ठीकच. पण तालुक्याच्या गावी दाखला लिहिणाऱ्याच्या हाती नेमके मराठी वाक्य आले की नाही, हा प्रश्न त्या अभिमानाने सुटत नाही.

आता या पद्धतीची मर्यादाही सांगितली पाहिजे, नाही तर हा लेख वर्गीकरणाची आरती होईल. दहाव्या आवृत्तीत 'झेड' अक्षराचे एक प्रकरण आहे. त्यात झेड ५९.५ म्हणजे आत्यंतिक दारिद्र्य. झेड ६०.२ म्हणजे एकटे राहणे. झेड ७५.३ म्हणजे आरोग्यसेवा उपलब्ध नसणे किंवा तेथवर पोहोचता न येणे. म्हणजे शब्दकोशात हे शब्द आहेत. पण मृत्यूचे मूळ कारण म्हणून 'झेड' प्रकरणातला संकेतांक वापरायचा नाही, असा नियम आहे. दारिद्र्य रुग्णाला असू शकते. दारिद्र्याने कोणी मरू शकत नाही. आपल्याकडच्या मृत्यूच्या नोंदीच्या नमुन्यात विडी-सिगारेट, तंबाखू, सुपारी, दारू यांच्या सवयी विचारल्या जातात. मृत्यूपूर्वी वैद्यकीय मदत मिळाली का, हेही विचारले जाते. ती का मिळाली नाही, याला रकाना नाही. सवयी मृताच्या असतात आणि अंतर शासनाचे, हा फरक येथे चटकन लक्षात येतो.

हा वादही जुनाच. १८३९ च्या सुमारास विल्यम फारने इंग्लंडमधल्या काही मृत्यूंचे कारण 'उपासमार' असे दाखवले, तेव्हा गरिबांच्या कायद्याची अंमलबजावणी पाहणारा एडविन चॅडविक त्याच्यावर तुटून पडला. त्याच्या मते ही माणसे भुकेने नव्हे, रोगांनी मेली होती. आपल्याकडे मेळघाटातल्या आणि जव्हार-मोखाड्यातल्या बालमृत्यूंच्या वेळी हाच वाद मराठीत झाला : मूल न्यूमोनियाने गेले की कुपोषणाने? २००१ मध्ये डॉ. अभय बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी महाराष्ट्रातल्या बालमृत्यूंचा अहवाल मांडला आणि त्याला 'कोवळी पानगळ' हे नाव दिले. सरकारी नोंदींत बालमृत्यू कमी दाखवले जातात, हे सांगणारा तो आकडेवारीचा दस्तऐवज होता. नाव मात्र भाषेच्या पोटातून आलेले होते. नाशिकचे बाबूराव बागूल यांनी १९६९ च्या आपल्या कथासंग्रहाला 'मरण स्वस्त होत आहे' हे नाव दिले होते. त्या नावात जे विधान आहे, त्याला वर्गीकरणात मूळ कारणाची जागा नाही. ती जागा साहित्याची. पण साहित्याने ती भरली, म्हणून नोंदवहीने खालच्या तीन ओळी मोकळ्या सोडाव्यात असे होत नाही.

दाखल्यावरच्या एका ओळीचे मोल किती, हे आपण महामारीत पाहिले आहे. करोनाची बाधा झालेल्या हृदयरुग्णाचा मृत्यू कोणत्या खाती लिहायचा, हा २०२० मधला रोजचा प्रश्न होता. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने मार्गदर्शन काढले की अशा वेळी मूळ कारण करोना लिहावे. आधीचा हृदयविकार, मधुमेह हे दुसऱ्या भागात, हातभार लावणारे म्हणून. ३० जून २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने मृत्यूचे नेमके कारण सांगणारा कागद कुटुंबाला मिळण्याची सोपी पद्धत आखण्यास सांगितले, आणि त्याच वर्षी पन्नास हजार रुपयांचे सानुग्रह साहाय्य ठरले. ज्या घरी आलेल्या कागदावर केवळ 'हृदयक्रिया बंद पडली' असेल, त्या घराला आपला माणूस कशाने गेला हे पुन्हा सिद्ध करत बसणे भाग होते. खुद्द नाशिकमध्ये २१ एप्रिल २०२१ रोजी महापालिकेच्या डॉ. झाकीर हुसेन रुग्णालयात प्राणवायूच्या टाकीला गळती लागली आणि किमान २२ रुग्ण दगावले. त्या प्रत्येकाची हृदयक्रिया बंद पडली, हे विधान पूर्ण सत्य आहे. आणि त्या दिवशी काय घडले हे त्यातून अजिबात कळत नाही.

यावर डॉक्टरांच्या बाजूने सांगण्यासारखे पुष्कळ आहे. दाखला बहुधा सर्वांत कनिष्ठ निवासी डॉक्टर लिहितो. रात्रीचे दोन वाजलेले असतात, बाहेर नातेवाईक खोळंबलेले असतात, पुढचा रुग्ण वाट पाहत असतो. रुग्ण अर्ध्या तासापूर्वीच आला असेल तर तळाची ओळ त्याने कोठून आणायची? शवविच्छेदन नको म्हणून कुटुंबच कधी हात जोडते. विम्याचा दावा अडेल म्हणून 'मधुमेह लिहू नका' अशी विनंती होते. हे सारे खरे आहे. पण त्यातून निष्कर्ष एवढाच निघतो की पडदा दोन्ही बाजूंनी ओढला जातो. जेथे खरोखर कळलेले नसते, तेथे 'कारण अज्ञात' असे प्रामाणिकपणे लिहिण्याची सोयही वर्गीकरणात आहे. न कळलेल्याला हृदयाच्या माथी मारणे ही मात्र निव्वळ सवय आहे.

आणि चांगले वाक्य कोठून येते, याचे उत्तर अनपेक्षित आहे. ज्या मृत्यूंना डॉक्टरच लाभला नाही, त्यांच्यासाठी महानिबंधक कार्यालय आणि टोरांटोचे प्रभात झा यांच्या पुढाकाराने झालेल्या 'दशलक्ष मृत्यू अभ्यासा'त वेगळी वाट धरली गेली. प्रशिक्षित गणक घरी जात, जवळच्या माणसाला विचारत आणि शेवटच्या आजाराची हकीकत त्या घरच्या भाषेत अर्धा-एक पान लिहून घेत. मग दोन डॉक्टर ती हकीकत एकमेकांना न विचारता वाचून आपापला संकेतांक देत. याला 'मौखिक शवविच्छेदन' असे भयंकर नाव आहे, पण कृती अगदी साधी आहे : सांगणाऱ्याला सांगू देणे. या पद्धतीने २००५ साली भारतात सर्पदंशाने सुमारे ४६ हजार माणसे दगावली असा अंदाज निघाला, तो सरकारी आकड्यांच्या कितीतरी पट होता. पाड्यावरची विधवा 'आधी पाय सुजले, मग उशाला दोन गाठोडी घेतल्याशिवाय झोपता येईना' असे सांगते, तेव्हा ती निकामी होत चाललेल्या हृदयाचे अचूक वर्णन करत असते, आणि त्यात काळाचा क्रमही असतो. पदवीधराच्या दोन इंग्रजी आद्याक्षरांपेक्षा तिची हकीकत वैद्यकशास्त्राच्या अधिक कामाची असते, हे मराठीच्या प्राध्यापकांनी आपल्या विद्यार्थ्यांना सांगायला हवे.

आता कायद्याकडे. १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यात एक तरतूद होती : नोंदवहीतला उतारा कोणालाही देताना त्यात मृत्यूचे कारण उघड करू नये. आपण बँकेत, तलाठ्याकडे, विमा कार्यालयात दाखवतो त्या मृत्यूच्या दाखल्यावर कारण नसते, ते यामुळे. १ ऑक्टोबर २०२३ पासून अमलात आलेल्या दुरुस्तीने वैद्यकीय संस्थांवर मृत्यूच्या कारणाचे प्रमाणपत्र निबंधकाला विनामूल्य देण्याचे आणि त्याची प्रत जवळच्या नातेवाइकाला देण्याचे बंधन आले. म्हणजे ती तीन ओळींची गोष्ट आता घरी येऊ शकते. हा बदल मला फार मोठा वाटतो. आजवर या गोष्टीचा वाचक एकच होता, कार्यालयातला संकेतक. आता तिला दुसरा वाचक मिळाला आहे, आणि तो वाचक मृताचा मुलगा, मुलगी, नवरा किंवा बायको आहे. पण हा वाचक जे वाचणार, ते बहुधा इंग्रजीत, संक्षेपांत, न लागणाऱ्या अक्षरात. हक्क मिळाला आणि अर्थ मिळाला नाही, अशी ही अवस्था आहे.

येथे नाशिकचा विचार येतो. कुसुमाग्रज आणि कानेटकर यांचे हे गाव १९९८ पासून महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाचेही गाव आहे. राज्यातल्या ॲलोपॅथी, आयुर्वेद, होमिओपॅथी, दंतवैद्यक, परिचर्या या साऱ्या विद्याशाखांच्या पदव्या येथून दिल्या जातात. मृत्यूच्या कारणाचा दाखला लिहिणे हे वैद्यकीय पदवीच्या अभ्यासक्रमात आहेच. मागणी एवढीच आहे, की ते लेखन म्हणून शिकवले जावे. विद्यार्थ्यापुढे रुग्णाची हकीकत ठेवावी, तिच्यातून तीन ओळी लिहायला लावाव्यात, दुसऱ्याने त्या वाचून संकेतांक द्यावा आणि दोघांत जेथे फरक पडेल तेथे वाक्य तपासावे. साहित्याच्या वर्गात संहितेचे बारकाईने वाचन शिकवतात, ते याहून वेगळे नसते. आणि नातेवाइकाला द्यायच्या प्रतीवर तळाशी मराठीत एक सरळ वाक्य असावे. 'लहानपणीच्या संधिवातज्वराने हृदयाची झडप आक्रसली होती. त्यामुळे हृदय निकामी होऊन मृत्यू झाला.' एवढेच. भाषा संचालनालय १९६० पासून परिभाषा घडवत आले आहे. विश्वकोशात वैद्यकावरच्या मराठी नोंदी आहेत. शब्द कमी पडतील अशी स्थिती नाही. कमी आहे ती ते शब्द शोकाकुल माणसाच्या हाती जाणाऱ्या कागदावर लिहिण्याची इच्छा. त्या वाक्यातून सुरगाण्याच्या त्या घराला हेही कळेल की धाकट्या मुलीचा घसा दुखून ताप आला, तर तिला दवाखान्यात न्यायचे आहे. निधनवार्तेतल्या कोणत्याही गोड शब्दसमूहाने हे काम आजवर केलेले नाही.

'निदान' हा शब्द मराठीत विलक्षण आहे. संस्कृतात आणि आयुर्वेदात तो मूळ कारणाचा वाचक आहे. जुन्या मराठीत तो अखेर, शेवट या अर्थानेही येतो. आजच्या डॉक्टरच्या तोंडी त्याचा अर्थ रोगनिश्चिती. आणि घरात आपण तो 'किमान' या अर्थाने वापरतो : निदान सांगायचे तरी होते. कारण, शेवट, ओळख आणि किमान अपेक्षा असे चार अर्थ या एका शब्दात एकत्र नांदतात, आणि नमुना ४ च्या तीन ओळी नेमके हेच चार मागतात. गेलेल्या माणसाविषयी साऱ्याच गोष्टी लिहून होत नाहीत, वर्गीकरणाला तर त्या मुळीच लिहिता येत नाहीत. पण तो कशाने गेला याविषयी निदान एक खरे वाक्य लिहिले जावे, आणि ते त्याच्या घरच्यांना वाचता यावे. यापेक्षा कमी मागणे भाषेच्या माणसांना शोभणार नाही.